आई पडली तेव्हा तिचे पाय कुणी पाहिलेच नाहीत

आमच्याकडे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी घराचं वेळापत्रकच बदलतं. बॅरल, घागरी, बादल्या, पातेली, मिळेल ते भांडं मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत मांडलेलं असतं आणि मधली सगळी शहाबादी फरशी ओली. अशाच एका पहाटे आई मोरीत पडली. तोंड धूत होती. चेहऱ्याला साबण लावला, डोळे मिटले, वाकून तांब्या घ्यायला गेली आणि बाजूला कलंडली. हात टेकला म्हणून डोकं वाचलं, पण मनगट मोडलं.

पुढचे दोन दिवस तपासण्यांत गेले. बीपी, ईसीजी, साखर, डोक्याचा स्कॅन. सगळं ठीक निघालं. "चक्कर आली असेल, वय झालंय," असं सांगून आम्हाला घरी पाठवलं. आई मात्र सारखी म्हणत होती, "अगं, चक्कर नाही आली मला. पाय कुठाय तेच कळलं नाही." हे वाक्य कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

प्लास्टर निघाल्यावर हाताच्या व्यायामासाठी आम्ही एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. हात बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "आजी, पडलात कशा?" आईने तेच वाक्य परत सांगितलं. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, स्वतः खाली बसल्या आणि तिची पावलं हातात घेतली. आईला मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली आहेत. इतक्या वर्षांत तिच्या तळव्यांना तपासण्यासाठी हात लावणारी ती पहिली व्यक्ती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ज्ञानेंद्रियांचा धडा शिकवताना त्वचा म्हटलं की मी हाताची बोटं दाखवते. तळव्याचा विचार कधी मनातही आला नव्हता. आईच्या त्या एका वाक्याचा अर्थ नीट समजायला मला काही महिने लागले. जे वाचलं, विचारलं आणि कळलं ते इथे मांडते आहे, कारण म्हातारं माणूस पडलं की सगळे त्याचं डोकं तपासतात आणि ज्यांच्यावर ते उभं होतं ते पाय तसेच राहून जातात.

उभं राहणं हेही काम आहे

आपल्याला वाटतं, नुसतं उभं राहणं म्हणजे काही न करणं. प्रत्यक्षात उभा माणूस सतत झुलत असतो. भिंतीजवळ पाय जुळवून उभे राहा आणि क्षणभर डोळे मिटा. शरीर किंचित पुढे जातं, मागे येतं, परत पुढे. दर वेळी पोटरीचे आणि घोट्याभोवतीचे स्नायू त्याला जागेवर आणतात. पाच-साडेपाच फुटांचं शरीर जेमतेम वीतभर लांबीच्या दोन पावलांवर तोललेलं असतं. ते सारखं पडायला बघतं आणि सारखं सावरलं जातं. हे सावरणं इतकं बिनबोभाट चालतं की आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

सावरायचं तर मेंदूला आधी खबर लागते, आणि ती तीन ठिकाणांहून येते. डोळे सांगतात, भिंत सरळ आहे की कललेली. कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं कुठल्या दिशेला वळलं ते त्या सांगतात, आणि त्यांच्या शेजारचे बारीक खड्यांचे कप्पे डोकं किती कललं ते सांगतात. तिसरी खबर पायांची. तळव्याच्या कातडीतून, घोट्याच्या सांध्यातून, पोटरीच्या स्नायूंतून ती वर जाते: वजन टाचेवर आहे की चवड्यावर, जमीन उतरती आहे का, घोटा किती वाकलाय, पायाखाली ओलं आहे का. कडक, स्थिर जमिनीवर उभे असताना निरोगी माणसाचा मेंदू सर्वांत जास्त भरवसा या तिसऱ्या खबरीवरच ठेवतो.

तिघांपैकी एक गप्प झाला तर उरलेले दोघे सांभाळून घेतात. म्हणून तर लाइट गेल्यावरही आपण अंधारात माठापर्यंत जाऊ शकतो. दोघं एकदम गप्प झाले की मात्र पंचाईत होते.

आता आईची ती पहाट परत बघा. साबणामुळे डोळे मिटलेले, म्हणजे पहिली खबर बंद. तांब्यासाठी वाकल्यामुळे डोकं झटकन खाली गेलेलं, म्हणजे कानाची खबर क्षणभर गोंधळलेली. अशा वेळी पायांनी सांगायचं असतं की भार उजवीकडे जास्त चाललाय. आईचे पाय गेली कित्येक वर्षं हळूहळू मुके होत होते. तिचं वाक्य शब्दशः खरं होतं. पाय कुठे आहे ते तिला कळलं नाही.

एकोणिसाव्या शतकात बर्लिनमधले डॉक्टर मॉरिट्झ रोम्बर्ग यांनी नेमकं हेच टिपून ठेवलं होतं. पायांची खबर वर नेणारे कण्यातले तंतू ज्यांचे खराब झाले होते ते रुग्ण डोळे उघडे असताना उभे राहू शकत, डोळे मिटले की डोलायला लागत. आजही डॉक्टर पाय जुळवून, डोळे मिटून उभं करतात ती रोम्बर्ग चाचणी म्हणजे हीच. अशा माणसाचा तोल बेसिनवर तोंड धुताना जातो, हीसुद्धा त्या दुखण्याची जुनी ओळखीची खूण आहे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि आईच्या खोलीत जाऊन तिच्याजवळ बसले.

चुलीचे तीन दगड

संक्रांतीला आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी तो उंच, जड ध्वज पेलत चालतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गर्दी माना वर करून टोकाकडे बघत असते. या वेळी थोडा वेळ खाली बघा. ध्वज वर कलतो आणि त्याचं उत्तर खाली पावलांतून येतं. चवडा दाबला जातो, बोटं जमीन धरतात, पाऊल अर्धी वीत सरकतं. आपण प्रत्येक जण दिवसभर असाच एक ध्वज घेऊन फिरतो, फक्त तो ध्वज म्हणजे आपलंच शरीर.

एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. दोन्ही पावलांची मिळून 52 हाडं. शरीरातल्या 206 हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याखालीच आहे. इतके तुकडे असतात ते वाकता यावं, जमिनीच्या आकाराला बसता यावं म्हणून. भार मुख्यतः तीन ठिकाणी टेकतो: टाच, अंगठ्यामागचा चवडा आणि करंगळीमागचा चवडा. चुलीचे तीन दगड म्हणा ना. चार पायांचं टेबल खडबडीत अंगणात डगमगतं, तीन दगडांची चूल डगमगत नाही. तिन्ही दगडांच्या मध्ये स्नायूंनी आणि स्नायुबंधांनी ताणून धरलेली कमान असते.

बोटं शोभेची नसतात. शरीर पुढे झुकलं की बोटं जमिनीला दाबून धरतात आणि तोलायला आणखी थोडी जागा मिळवून देतात. अंगठ्यात जोर नसेल तर ही जागा जाते. घोटा म्हणजे पहिला पहारेकरी. छोटा झोल तो एकटा सावरतो. झोल मोठा असला तर कंबर मदतीला येते. तेवढ्यानेही भागलं नाही तर पाऊल टाकून सावरावं लागतं. वयाबरोबर पहिला पहारेकरी सुस्तावतो, टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, तळव्याची जाण कमी होते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चालताना मागचा पाय पुढे येतो तेव्हा बोटं जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वरून जातात. एवढंच अंतर. सतरंजीची दुमडलेली कड, मोरीचा उंबरठा, फरशीची वर आलेली कोर याहून उंच असते. तरुणपणी डोळा आधीच बघून पाय उचलायला लावतो. पाऊल वर ओढणारा नडगीचा स्नायू अशक्त झाला, घोटा आखडला, की तेवढं अंतरही उरत नाही. मग "साधा उंबरठा, रोजचा, आणि त्याला अडखळल्या" असं आपण नवलाने म्हणतो.

बिघाड कुठून सुरू होतो

सर्वांत आधी बधिरपणा, कारण तो दिसत नाही आणि दुखत नाही. भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीतून 2023 मध्ये पुढे आला. बराच काळ वाढलेली साखर नसांना इजा करते आणि शरीरातल्या सर्वांत लांब नसा कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या असतात. म्हणून इजा बोटांपासून सुरू होते आणि मोजा चढावा तशी वर सरकते. सुरुवातीला मुंग्या, रात्री तळव्यांची आग. नंतर ती आगही थांबते आणि माणसाला वाटतं, बरं झालं. खरं तर तेव्हा नस बोलायची थांबलेली असते. कापसावर चालल्यासारखं वाटणं ही एक खूण. दुसरी खूण आपल्याकडे हमखास ऐकू येते: पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. आईची चप्पल दोनदा रिक्षात राहिली होती. आम्ही तिला विसराळू ठरवलं.

मधुमेह नसला तरी पाय बधिर होऊ शकतात. बी-12 जीवनसत्त्व कमी पडलं तर नसा आणि कण्यातले तेच रोम्बर्गवाले तंतू बिघडतात. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळतं, त्यामुळे शाकाहारी घरांत आणि दूधही कमी पिणाऱ्या म्हाताऱ्यांत ते कमी असणं नवलाचं नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकतं. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगून रक्ताची तपासणी करून घ्यायची. वेळेत सापडलं तर भरून काढता येतं, फार उशीर झाला तर नस पूर्वीसारखी होईलच असं नाही. थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार, बरीच वर्षं दारू ही आणखी कारणं.

दुसरा बिघाड दुखण्याचा. चवड्याखाली भोवरी झाली की माणूस तो भाग टेकत नाही. चुलीचा एक दगड काढून घेतल्यासारखं होतं. पाऊल बाहेरच्या कडेवर पडतं, पावलं आखूड होतात, चाल अडखळती होते. टाचेच्या भेगा, नखुरडं, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या यांचंही तसंच. पाण्याच्या दिवशी तास-दोन तास ओल्यात वावरल्यावर बेचकं कोरडं पुसणाऱ्या किती बायका आहेत? पायाचं दुखणं असलेली वयस्क माणसं इतरांपेक्षा जास्त पडतात, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. तरी "भोवरीसाठी कुठे दवाखान्यात जायचं" म्हणून ती तशीच वागवली जाते.

तिसरा बिघाड आखडण्याचा. आमच्या पूर्व भागात हजार विड्यांच्या हिशोबाने मजुरी घेत आयुष्य काढलेल्या कितीतरी आज्या आहेत. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, पाय मुडपलेले, असे तासच्या तास. माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी जाते तेव्हा बघते, या आज्या उठून चालायला लागल्या की पहिली दहा-बारा पावलं टाच न टेकवता, भिंत धरून टाकतात. पोटरी आखूड झाली की घोटा पुरेसा वाकत नाही, आणि जो घोटा वाकत नाही तो झोल सावरू शकत नाही. यंत्रमागावर दिवसभर उभं राहिलेल्यांचे पाय वेगळ्या वाटेने त्याच जागी येतात: सूज, घट्टे, चपटी झालेली कमान.

अंगठा बाकीच्या बोटांवर वळणं आणि त्याच्या मुळाशी हाड बाहेर येणं, बोटं आकड्यासारखी वाकणं, हेही त्यातच आलं. वळलेला अंगठा जमिनीला दाब देऊ शकत नाही.

पडण्याची इतरही कारणं असतात. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्या, मोतीबिंदू, उठल्यावर बीपी उतरणं. ती तपासायलाच हवीत. माझं म्हणणं इतकंच की त्याच यादीत पाय असायला हवेत, आणि ते नसतात.

चप्पल

घरात चप्पल नको, ही आपली रीत. मला ती प्रिय आहे. पण ज्याचे पाय बधिर आहेत किंवा जो एकदा पडलाय त्याने घरात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर फिरणं धोक्याचं आहे. अनवाणी आणि मोज्यांवर वावरणारी वयस्क माणसं घरात जास्त पडतात, असं संशोधनातही दिसलं आहे. गुळगुळीत टाइल आणि सुती मोजा ही जोडी तर सर्वांत वाईट. घरातली चप्पल वेगळी ठेवा, बाहेर न नेलेली, धुतलेली. आईची अडचण देवघराची होती. आता देवघरापाशी पाठीची खुर्ची ठेवलीय. ती तिथे बसून चप्पल काढते आणि बसूनच पूजा करते.

कशी घ्यायची? आपल्या घराघरांत जी रबरी स्लीपर असते ती म्हाताऱ्या पायांसाठी बरी नव्हे. ती पायात टिकवायला बोटं आकसून धरावी लागतात, म्हणजे जी बोटं जमीन धरायला हवीत ती चप्पल धरण्यात गुंततात. तळ झिजून गुळगुळीत झालेला असतो तो वेगळाच. टाचेमागे पट्टा हवा, वरून घट्ट-सैल करता येईल असा बंद हवा, टाच ठेंगणी आणि रुंद हवी, खाली खाचा हव्यात. तळ फार जाड आणि मऊ नको. मऊ गादीवर उभं राहिलं की घोट्याला जमीन नीट कळत नाही. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. वयाबरोबर पाऊल पसरतं, म्हणून तिशीतला नंबर सत्तरीत चालत नाही. एक सोपी युक्ती: कागदावर उभं राहून पावलाची कड पेन्सिलने काढा, कापून घ्या आणि तो कागद चपलेत ठेवा. कागद दुमडला तर चप्पल लहान आहे. आईच्या तिन्ही चपलांत दुमडला.

बधिर पायांसाठी मात्र हिशोब थोडा वेगळा, कारण तिथे जखम टाळणं पहिलं. तमिळनाडूतल्या वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांवर उपचार करत होते. रुग्णांच्या पायांच्या जखमा रोगाने थेट होत नाहीत, वेदनाच कळत नसल्याने त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब येऊन होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या रुग्णांसाठी बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला वापरात आल्या. आज दुकानात "मधुमेहाची चप्पल" म्हणून मिळणारी एमसीआर (म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल त्याच वाटेने आली. ती घेताना मागचा पट्टा असलेलीच घ्या.

घरच्या घरी बघता येतं

पहिली परीक्षा इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी बसवली. साधनं लागत नाहीत, फक्त तुमचं बोट. आईला किंवा वडिलांना आडवं झोपवा, डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या, एकूण सहा टोकं. प्रत्येक टोकाला तर्जनीने अगदी हलका, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबायचं नाही, चोळायचं नाही, एकाच ठिकाणी परत परत करायचं नाही. कळलं की त्यांनी उजवा किंवा डावा सांगायचं. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायांची जाण कमी झालीय असं समजा आणि डॉक्टरांकडे जा. आईने चार ठिकाणी काहीच सांगितलं नाही. ती वाट बघत होती, "लाव की हात," म्हणाली. माझं बोट तिच्या करंगळीवर होतं.

डॉक्टरांकडे हीच जाण नायलॉनच्या बारीक तंतूने तपासतात. तो 10 ग्रॅम दाबाला वाकतो. कंप पावणारा चिमटा हाडावर टेकवूनही बघतात, कारण कंप कळणं बऱ्याचदा आधी कमी होतं. दोन्हीला मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा हे करून घ्यायलाच हवं. आपल्याकडे फक्त पायांचा डॉक्टर सहज सापडत नाही. मधुमेहाचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, किंवा सिव्हिलची मेडिसिनची ओपीडी, कुठेही जा, पण खुर्चीत बसल्यावर आधी चप्पल काढा आणि म्हणा, पाय बघा.

दुसरी परीक्षा लग्नाच्या पत्रिकेची. खुर्चीत बसवून अंगठ्याखाली पत्रिका ठेवा, अंगठ्याने दाबून धरायला सांगा आणि तुम्ही हळूच ओढा. सहज निघून आली तर अंगठ्यात जोर उरलेला नाही. तिसरी, ओट्याजवळ उभं राहून एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावायची आणि दहा सेकंद थांबायचं. या परीक्षेला शेजारी कुणीतरी उभं हवंच. एकट्याने करून बघू नका.

सुधारतं का?

सुधारतं. मेलबर्नमधला एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2011 मध्ये आला. पाय दुखण्याने त्रस्त असलेले 65 वर्षांवरचे 305 लोक त्यात होते. निम्म्या लोकांना नेहमीची पायांची सेवा मिळाली, निम्म्यांना त्याशिवाय बुटात घालायचे आधार, चपला-बुटांबद्दल सल्ला आणि पैशाची मदत, पडणं टाळण्याची माहिती आणि घरी करायचे पावलांचे-घोट्याचे व्यायाम मिळाले. वर्षभरात दुसऱ्या गटातलं पडण्याचं प्रमाण 36 टक्क्यांनी कमी राहिलं. यात शस्त्रक्रिया नाही, महागडं औषध नाही. जगभरात दरवर्षी पडून सुमारे 6 लाख 84 हजार माणसं जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या संकटावरचा इतका साधा उपाय आपल्या घरांत पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आईचे व्यायाम सांगते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिचे पाय बघून दिलेत, तुमच्या माणसाला थोडे वेगळे लागतील. पहिला टॉवेलचा, आणि टॉवेलची आपल्या गावात काय कमी! फरशीवर टॉवेल पसरायचा, खुर्चीत बसायचं, टाच जमिनीवर ठेवून नुसत्या बोटांनी तो स्वतःकडे गोळा करायचा. पहिल्या आठवड्यात आईचा टॉवेल हललाच नाही. महिन्याने अर्धा गोळा व्हायला लागला. दुसरा, ओटा दोन्ही हातांनी धरून टाचा उचलायच्या, हळू खाली आणायच्या, दहा वेळा. मग उलट: टाचा टेकलेल्या, चवडे वर. ओलांडायचं ते एक-दोन सेंटिमीटरचं अंतर वाढवणारा व्यायाम तोच. तिसरा पोटरीचा ताण, भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीवर ठेवून, अर्धा मिनिट. शेवटी ओट्याच्या कडेने एका रेषेत पावलं टाकत जायचं आणि परत यायचं. आई हे कुकरच्या शिट्या होईपर्यंत करते. सहा आठवड्यांत घोटा मोकळा झाला. बधिरपणा गेलेला नाही, बहुधा जाणारही नाही. पण उरलेल्या खबरीवर आता तिचे स्नायू झटकन उत्तर देतात.

काही गोष्टी करायच्या नाहीत. भोवरी ब्लेडने कापायची नाही. मधुमेह असेल तर भोवरीच्या पट्ट्याही लावायच्या नाहीत. त्यात आम्ल असतं, ते चांगली कातडीही खातं. बधिर पाय कढत पाण्यात सोडायचे नाहीत, पाणी आधी कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने बघायचं. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नाही. दर्शन सकाळी लवकर. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. पाय एकाएकी लाल, गरम आणि सुजलेला दिसला आणि दुखत नसला, तर त्याच्यावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आतली हाडं ढासळत असू शकतात. अचानक एकाच बाजूचा पाय ओढायला लागला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो लकवा समजून थेट दवाखाना.

मोरीत आम्ही भिंतीला स्टीलची दांडी बसवली. प्लंबर म्हणाला, खांद्याच्या उंचीला लावू. आईला उभं करून बघितलं, कंबरेच्या उंचीला लावली. पडताना हात तिथे जातो. संडासापर्यंत रात्रभर एक छोटा दिवा असतो, म्हणजे डोळ्यांची खबर तरी चालू राहते. पाण्याच्या दिवशी भांडी एकाच भिंतीला लागतात आणि मधली वाट कोरडी पुसल्याशिवाय आईने उठायचं नाही, असं ठरलंय. तोंड ती खुर्चीत बसून धुते.

एक गोष्ट तिला फार जड गेली. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांत ती दरवर्षी असायची. रात्रीची चाल, अंधारा रस्ता, बधिर पाय. फोड आला तरी कळणार नाही आणि खड्डा आला तरी. फिजिओथेरपिस्ट बाईंनी नाही म्हटलं तेव्हा ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. शेवटी एसटीने गेली. महाद्वारापासून आतपर्यंत माझा हात धरून चालली, दर्शन घेऊन रात्री घरी आली. हातपाय धुतले, स्वतः खुर्ची ओढली, टॉवेलने एकेक बेचकं कोरडं केलं आणि दोन्ही तळवे माझ्याकडे वळवले.

"बघ गं," म्हणाली, "कुठे काही लागलंय का. मला कळणार नाही."